गोराईला मी पाण्यात उतरलेच नव्हते

अशा सदरांतले गूढ अनुभव मी आवडीने वाचते आणि वाचून झाले की नवऱ्याला म्हणते, "या लोकांना रात्रीची झोप नीट लागत नसणार." म्हणजे मी न मानणाऱ्यांतली. आमचं गाव मालवणकडचं, त्यामुळे नारळ फिरवणं, गाऱ्हाणं घालणं, अमक्याला बाहेरचं लागलं... हे लहानपणापासून कानावर पडलेलं. मला कधीच पटलं नाही. आजही पटत नाही. फक्त त्या एका दिवसाचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आम्ही बोरिवली पश्चिमेला राहायचो, मी अंधेरीच्या एका कंपनीत टेलिफोन बोर्डावर होते. माझा मोठा भाऊ दिनूदादा जहाजावर स्टुअर्ड. त्या जानेवारीत तो सुट्टीवर आला तो सिंगापूरहून एक काचेचा मास्क आणि तोंडात धरायची वाकडी नळी घेऊन. स्नॉर्कलिंग हा शब्दसुद्धा आम्ही तेव्हा ऐकला नव्हता.

"अगं मंदे, पाण्यावर पालथं पडून राहायचं, नळीतून श्वास घ्यायचा. खाली सगळं दिसतं. झकास!"

"बोरिवलीत कुठे पालथा पडणार? पिंपात?"

पण दादाचा शाळेतला मित्र जोसेफ गोराईचा. खाडीपलीकडच्या त्याच्या गावातून होडीने शाळेला यायचा. तो म्हणाला, टेकडीच्या मागे खडकांत एक जागा आहे, थंडीत भरतीचा जोर कमी असतो त्या दिवसांत तिथलं पाणी बऱ्यापैकी निवळतं. मग रविवारी जायचं ठरलं. मला पोहता येत नाही, म्हणून आईने निघताना बजावलं, "पाण्यात जाव नको गो तू."

सकाळच्या होडीने पलीकडे गेलो. तेव्हा तिथे आताची गर्दी नव्हती. वाड्या, चर्च, वाळत घातलेले बोंबील, आणि गाव संपलं की सरळ टेकडी. जोसेफ काठी घेऊन पुढे, मी मध्ये, दादा मागे. चढ संपत आला आणि जोसेफने हात आडवा धरला.

"थांब. हलू नको कोणी."

वाटेवर, अगदी जोसेफचं पुढचं पाऊल पडेल तिथे, एक फुरसं वेटोळं करून बसलं होतं. वीतभर जीव, पण अंगाला अंग घासून करवतीसारखा खरखर आवाज करत होतं. आम्ही तसेच उभे. बऱ्याच वेळाने ते करवंदीच्या जाळीत गेलं.

"वाट लागली असती यार," दादा म्हणाला आणि उगाचच मोठ्याने हसला.

हे मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळ्यांनी याच फुरशावर बोट ठेवलं. पण ते माझ्यापासून चांगलं चार हात लांब होतं आणि ते निघून गेलेलं आम्ही तिघांनी पाहिलं.

पलीकडे उतरलो. खडकांच्या मध्ये हिरवट पाण्याचं डबकं म्हणावं एवढीच जागा, एका बाजूने समुद्राला उघडी. दादाने कपडे काढून माझ्याकडे दिले, मास्क चढवला आणि उतरला. मी एका उंच, सपाट खडकावर बसले. साडी, पायात चपला, मांडीवर दादाचे कपडे. जोसेफ शेजारच्या खडकावर उभा.

दादा पालथा तरंगत होता. नळी तेवढी वर. मध्येच डोकं काढून ओरडायचा, "खेकडा आहे! एवढा!" ...मजा चालली होती.

मग मला त्याच्या उजव्या हाताजवळ काहीतरी दिसलं. आधी वाटलं दोरखंडाचा तुकडा. राखाडी, त्यावर काळे पट्टे. तो तुकडा वळला.

"दादा! साप!"

त्याने हात पाण्याबाहेर काढला तेव्हा साप त्या हातालाच लोंबत होता. अंगठा आणि बोट यांच्या मधल्या मांसाला तोंड लावलेलं. हे मी स्वतः पाहिलं. दादाने हात झटकला, तो लांब जाऊन पडला आणि बुडाला. जोसेफने उडी मारून दादाला ओढून वर आणलं. दोघे पांढरेफटक.

"चावला?"

"चावला ना! बघितला मी त्याला चावताना."

जोसेफने हात धरून पाहिला. उलटा-सुलटा केला, पुसला, पुन्हा पाहिला. काहीच नाही. ओरखडासुद्धा नाही. "हे दर्यातले साप लय विषारी," तो म्हणाला, "पण दात लागला नाय तुला. नशीब समज." तरी दादाला चालू नको म्हणाला. आम्ही थोडा वेळ तिथेच बसून राहिलो. दादाला काही होईना. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि आम्ही परत निघालो.

टेकडी उतरताना माझी मान आखडली. उन्हाने असेल म्हटलं. गावात जोसेफच्या आईने चहा दिला, तर मला तोंड नीट उघडेना. जबडाच धरला होता. होडीत बसल्यावर पापण्या आपोआप मिटायला लागल्या. दादा म्हणत होता, "मंदे, अशी काय बघतेयस?" आणि मला त्याच्याकडे बघायला डोकं मागे टाकावं लागत होतं. मग त्याने माझा हात हातात घेतला... आणि तसाच धरून राहिला.

माझ्या उजव्या हातावर, अंगठा आणि बोट यांच्या मध्ये, टाचणीने टोचावेत तसे दोन ठिपके होते. दुखत नव्हते. सुजले नव्हते. मला ते कधी झाले, काही पत्ता नाही.

बोरिवलीच्या हॉस्पिटलात नेलं तोवर मला पाय उचलवेना. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. डॉक्टरांनी दादाला विचारलं, "या समुद्रात किती वेळ होत्या?"

"ती उतरलीच नाही डॉक्टर. मी उतरलो होतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. दादाने टेकडीवरच्या फुरशाचं सांगितलं. ते म्हणाले, फुरसं चावलं तर हात सुजतो, रक्त थांबत नाही. इथे तसलं काही नाही, स्नायू धरलेत. हा समुद्रातलाच साप. त्याच्यावरचं औषध त्यांच्याकडे नव्हतं. सलाइन लावून वाट बघायची, एवढंच. आई आली आणि रडत रडत माझ्यावरच ओरडली, "तुका सांगितलंय ना, पाण्यात जाव नको म्हणान!" मला जीभ हलवता येत नव्हती. मला फक्त सांगायचं होतं, आई, माझी साडी बघ गं. कोरडी आहे.

दादा माझ्या खाटेजवळून हलला नाही. आपला उजवा हात सारखा उलटून बघत बसायचा. एकदा डॉक्टरांना म्हणाला, "माझं रक्त तपासा ना. काहीतरी सापडेल." त्यांनी तपासलं. काही सापडलं नाही.

मी वाचले. महिनाभर जिना चढताना धाप लागायची, मग तेही गेलं. दादा परत जहाजावर गेला, तो मास्क न घेताच.

पुढे माझं लग्न झालं, मी मुलुंडला आले. दादा निवृत्त होऊन चेंबूरला स्थायिक झाला. एका गणपतीत माझ्या मुलींना तो हा किस्सा सांगत होता. "तुमची आई गोराईला पाण्यात उतरली होती, पोहता येत नसताना. साप चावला हिला." मी थक्क.

"दादा, तू उतरला होतास."

"मी? मंदे, मी खडकावर होतो. तुझ्या चपला माझ्या हातात होत्या." चेष्टा करत नव्हता. मी लाख समजावलं. तो माझ्याकडे काळजीने बघायला लागला, तेव्हा मी विषय सोडला.

मी मुद्दाम गोराईला जाऊन जोसेफला गाठलं. डोक्यावर सगळे केस पांढरे, पण मला लगेच ओळखलं. त्याने एका दमात सांगितलं, दिनू पाण्यात होता, मी खडकावर होते, माझ्या पदरालासुद्धा पाणी लागलं नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं की तिथेच रडू आलं.

म्हणजे माझं बरोबर. मग हा लेख इथे संपायला हवा होता.

पण एक गोष्ट मी जोसेफला सांगितली नाही. दादालाही नाही. हॉस्पिटलातून घरी आल्यापासून मला त्या दिवसाचं आणखी एक आठवतं. डोळ्यांपुढे काच आहे. हिरवट उजेड. कानात माझाच श्वास, नळीतून येतो तसा, घरघरत. खाली वाळू, आणि समोर पसरलेला एक हात. काळे पट्टे त्या हाताकडे येताहेत. मी हात मागे घेतेय आणि तो घेतला जात नाहीये.

त्या हातात माझ्या बांगड्या आहेत.

तो मास्क मी कधीच डोळ्यांना लावला नाही. मला अजून पोहता येत नाही. मग हे मी कुठून पाहिलं, ते मला खरोखर माहीत नाही.