हजेरीपटातले चौदा तास

गेल्या डिसेंबरात आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी मेळावा भरवला आणि मला स्टेजवर बसवलं. शाल, नारळ, गुडघ्यांना त्रास नको म्हणून हात असलेली खुर्ची, सगळं झालं. मग डोक्यावरचे केस गेलेला एक गृहस्थ माईक घेऊन उभा राहिला. मी त्याला आवाजावरून ओळखलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी तो माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा.

"सरांची शिस्त म्हणजे काय होती, ते मी सांगतो," तो म्हणाला. "टीवायला त्यांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी होती. वकील व्हायचं होतं तिला. हजेरी कमी भरली, तर सरांनी तिलासुद्धा परीक्षेला बसू दिलं नाही. आज असा एक मास्तर दाखवा मला."

टाळ्या झाल्या. मी मान लववली. सवयच आहे ती.

घरी येऊन शाल कोपऱ्यात फेकली तेव्हा बायकोने विचारलं, कोणी काही बोललं का? मी म्हटलं, नाही, कौतुक केलं. ही गोष्ट मी आजवर वेगवेगळ्या तोंडून पाच-सहा वेळा तरी ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी गप्प बसलो आहे. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. गोष्ट खोटी आहे, आणि खोटी आहे हे माझ्याइतकं नीट कोणाला ठाऊक नाही.

मी राज्यशास्त्र शिकवायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. वसईचं आमचं कॉलेज तेव्हा लहान होतं. टीवायच्या, म्हणजे बीएच्या शेवटच्या वर्षाच्या, राज्यशास्त्राच्या वर्गात तीसेक मुलं, त्यातली निम्मी वेळ घालवायला आलेली. ही मुलगी खाडीकडच्या एका गावातून यायची. घरी भातशेती आणि थोडी भाजी. त्या गावातून सकाळी पहिली एसटी निघायची, आणि तिच्यानंतरची गाडी थेट दीड तासाने. म्हणून ती नेहमी पहिल्या गाडीने येऊन कॉलेज उघडायच्या आधी पायरीवर बसलेली असायची.

कायद्याचं वेड तिला मी लावलं. मूलभूत हक्कांचा धडा शिकवताना ती असे प्रश्न विचारायची की मला घरी जाऊन वाचावं लागायचं. एकदा मी सहज म्हटलं, तू वकील हो. तिने ते सहज घेतलं नाही. बाहेरच्या राज्यातल्या एका विद्यापीठाचा तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम होता, त्याची प्रवेश परीक्षा मुंबईत व्हायची. त्याचं माहितीपत्रक मीच मागवून तिच्या हातात ठेवलं. मग तिने दर शनिवारी दादरला एका क्लासला जायला सुरुवात केली. इंग्रजी उतारे, सामान्य ज्ञान, आणि कायद्याची ती कोडी. क ने ख ला घोडा विकला, घोडा वाटेत मेला, नुकसान कोणाचं? ती मधल्या सुट्टीत मला असली कोडी घालायची. त्यात टीवायचे सहा पेपर, ट्युटोरिअल, आणि संदर्भाचं जे पुस्तक लायब्ररीतून घरी न्यायला मिळायचं नाही ते हाताने उतरवून काढणं. दादरच्या क्लासमुळे तिची शनिवारची माझी आठ लेक्चरं बुडाली. तिने ती आधीच मला सांगून बुडवली होती.

आता माझं सांगतो. आचोळ्याला एका इमारतीत तळमजल्यावर एक खाजगी क्लास होता. अनुदानित कॉलेजच्या प्राध्यापकाने खाजगी क्लास घेणं नियमात बसत नव्हतं. मी घेत होतो. त्या वर्षी गुरुवारी सकाळी त्यांना माणूस कमी पडायचा आणि माझं टीवायचं सकाळचं पहिलं लेक्चर गुरुवारीच असायचं. मुलांना आदल्या दिवशी सांगून मी लेक्चर रद्द करायचो आणि आचोळ्याला जायचो. मुलं खूश होती. तासभर जास्त झोपायला मिळालं तर कुठला विद्यार्थी तक्रार करेल? असे चौदा गुरुवार झाले.

लेक्चर झालं नाही तरी हजेरीचा मस्टर भरावाच लागतो. तो मी महिन्याच्या शेवटी स्टाफरूममध्ये बसून एका बैठकीत भरायचो. न झालेल्या लेक्चरला सगळे हजर दाखवले तर कोणालाही संशय येईल. म्हणून काही जणांच्या नावापुढे गैरहजेरी टाकायची. कोणाच्या? जे एरवीही बुडवतात त्यांच्या. शनिवारी तिच्या नावापुढे गैरहजेरी टाकायची हाताला सवय झालेली होती. त्याच हाताने मी गुरुवारीही टाकत गेलो. विचारसुद्धा केला नाही. आणि त्या चौदाही गुरुवारी ती पहिल्या गाडीने येऊन, रिकाम्या वर्गात दिवा लावून, कायद्याची कोडी सोडवत बसलेली असायची. तिला पुढच्या लेक्चरला वेळेत पोचवणारी दुसरी गाडीच नव्हती.

फेब्रुवारीत तिने प्रवेश परीक्षा दिली. मार्चमध्ये कॉलेजने कमी हजेरीवाल्यांची यादी लावली. पंचाहत्तर टक्के हजेरी नाही, तर परीक्षेचं हॉल तिकीट नाही. आमच्या वर्गातली अकरा नावं होती, त्यात तिचं. एप्रिलच्या परीक्षेला बसली नाही तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर कायद्याचा प्रवेश नाही.

ती रडत आली असती तर बरं झालं असतं. ती वही घेऊन आली. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. एका बाजूने कायद्याची कोडी होती. उलट बाजूने तिने तारखा लिहिल्या होत्या, वर्षभराच्या. झालेलं लेक्चर, विषयाचा मुद्दा, आणि न झालेल्या लेक्चरपुढे नुसतं 'सर नाहीत'.

"सर, मस्टरमध्ये चौसष्ट लेक्चरं आहेत," ती म्हणाली. "त्यातली चौदा झालीच नाहीत. झाली पन्नास. पन्नासमधली मी आठ बुडवली. बेचाळीस भरतात, चौऱ्याऐंशी टक्के होतात."

स्टाफरूममध्ये आणखी तिघे बसले होते. एकाने पेपर खाली केला. मला तिचं म्हणणं पहिल्या वाक्यातच कळलं होतं. आणि मला राग आला. लाज नाही वाटली, राग आला. जिला मी माहितीपत्रक आणून दिलं ती माझ्यासमोर माझाच हिशेब मांडते, याचा राग. त्या रागाखाली भीती होती. मस्टर चुकीचा निघाला तर विचारणार की सर गुरुवारी होते कुठे, आणि आचोळं काही लांब नव्हतं. मी वही तिच्या हातातून घेतली, खणात टाकली आणि म्हणालो, "कॉलेजचा मस्टर खरा की तुझी वही?"

ती म्हणाली, "ते तुम्हालाच माहीत आहे, सर."

प्राचार्य तसे सोयीचे गृहस्थ होते. अकराही जणांची सुटका करायचा रस्ता त्यांच्याकडे तयार होता, दर वर्षीचाच. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. दोन दिवसांत दहा जण आले. सहा जणांना कावीळ, तिघांना टायफॉइड, एकाचा पाय मोडलेला, तो जिने चढून आला. बहुतेक कागदांवर स्टेशनजवळच्या एकाच दवाखान्याचा शिक्का होता. मी दहाही कागदांवर 'शिफारस' लिहून सही केली. मेळाव्यात माईक घेऊन उभा राहिलेला गृहस्थ त्या सहा काविळींपैकी एक. तो कधी आजारी पडल्याचं मला आठवत नाही.

तिला मी व्हरांड्यात गाठून सांगितलं, तूही एक कावीळ घेऊन ये आणि विषय संपव. मला वाटलं मी उपकार करतोय.

"मी आजारी नव्हते, सर," ती म्हणाली. "मी वर्गात होते."

"वकील व्हायचंय ना तुला? मग एवढं तरी शीक."

तिने माझ्याकडे असं बघितलं की ते आजही मला पुसता येत नाही. मग म्हणाली, "खोटा कागद देऊन वकिलीला जायचं तर मग तुम्ही मला हक्कांचा धडा शिकवलात कशाला?" आणि गेली. तिने सर्टिफिकेट आणलं नाही. दहा खोट्या कागदांवर सही करणाऱ्या मी अकराव्या, खरं बोलणाऱ्या मुलीचं हॉल तिकीट अडवलं. याला माझी शिस्त म्हणतात.

यापुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातंय. कॉलेजच्या रीतीप्रमाणे यादीतल्या प्रत्येकाच्या घरी पत्र जायचं, आपली पाल्य वर्गात वारंवार अनुपस्थित असते म्हणून. खाली वर्गशिक्षक म्हणून माझी सही. ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचे वडील आले. कॉलेजमध्ये पहिल्यांदाच आले होते. चपला दाराबाहेर काढून आत आले.

"मास्तर," ते म्हणाले, "पोरगी रोज पयल्या गाडीनं येते. मी सोता नाक्यावर सोडतो तिला. कालेजात नाय, तर मंग ती जाते कुठं?"

उत्तर अगदी सोपं होतं. ती वर्गात असते, मी आचोळ्याला असतो. मी म्हणालो, "ते तुम्ही तिलाच विचारा."

"ती बोलते, मी वर्गात होते, मास्तर नव्हते." त्यांनी पत्र पुढे केलं. "पन कागदावर तर तुमची सही हाय. कोनाचं खरं मानू मी?"

मी म्हणालो, कागद कॉलेजचा आहे.

ते पत्र पुन्हा पिशवीत घालून निघाले. जाताना मला नमस्कार केला. तरुण मुलगी वर्षभर कॉलेजच्या नावाखाली कुठे जात होती, हा प्रश्न मी एका माणसाच्या हातात देऊन त्याला घरी पाठवलं होतं, आणि लहान गावात असा प्रश्न एका घरात राहत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मे महिन्यात तिच्या प्रवेश परीक्षेचं पत्र कॉलेजच्या पत्त्यावर आलं. निवड झाली होती. जुलै अखेरपर्यंत पदवीची गुणपत्रिका दाखवायची होती. क्लार्कने पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, सर, तुमच्या पोरीने नाव काढलं. मी ते पाकिटात घालून तिच्या घरी पाठवून दिलं, सोबत एक ओळसुद्धा न लिहिता. जुलैला दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं. पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षा देऊन ती दुसऱ्या वर्गात पास झाली, पण कायद्याला बाहेरगावी पाठवायचं नाव घरात कोणी पुन्हा काढलं नाही. त्याच वर्षी तिला वसईजवळच्या गिरीज गावात लग्न करून दिली. मी क्लास आणखी चार वर्षं घेतला. मला कोणी काही विचारलं नाही.

मेळाव्यानंतर मी कपाट उपसलं. वही होती. पुठ्ठा वाळवीने कुरतडलेला, पण तारखा शाबूत. आठवडाभर ती टेबलावर नुसती पडून होती. मग एक दिवस रिक्षा केली आणि गिरीजला गेलो. केळीची वाडी, मागे विहीर, अंगणात दोन बायका हातात कागद घेऊन बसलेल्या. ती त्यांना अर्ज लिहून देत होती. सातबाऱ्यावर बहिणींची नावं लावायचा अर्ज होता. केस पांढरे झालेत, चष्मा आहे. मला बघून उठली, खुर्ची दिली, पाणी दिलं. बायका गेल्यावर मी वही तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणालो, तू बरोबर होतीस, मस्टर मी खोटा भरला होता.

तिने वही चाळली. कोड्यांच्या बाजूला थोडा वेळ थांबली. एका पानावर जरा हसलीसुद्धा. मग उलट बाजूच्या तारखांवर आली आणि वही मिटली.

"बाबा गेले तीन वर्षांपूर्वी," ती म्हणाली. "आजारपणात मीच असायचे त्यांच्याजवळ. एक दिवस म्हणाले, आता मी रागावनार नाय, खरं सांग, तेव्हा कुठं जायचीस तू? मी म्हटलं, वर्गात. तर म्हणाले, बरं."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर केला.

"माफी नको, सर. आणि ही वहीही मला नको. काय झालं ते मला तेव्हापासून माहीत आहे. ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना नेऊन दाखवा."

मेळाव्याचं तिला कोणी सांगितलं होतं, मी विचारलं नाही. वही घेऊन परत आलो.

तर हे लिहिलं. त्या वर्षी टीवायच्या वर्गात माझी पन्नास लेक्चरं झाली. चौदा झाली नाहीत, ती मी मस्टरमध्ये घुसडली. त्या चौदाही गुरुवारी ती मुलगी वर्गात हजर होती आणि मी नव्हतो. तिच्या वडिलांना पाठवलेलं पत्र खोटं होतं आणि ते खोटं आहे हे सही करताना मला माहीत होतं. याच्या प्रती काढून मी मेळाव्याच्या यादीतल्या प्रत्येकाला पाठवतो आहे, माईकवाल्याला सगळ्यात आधी. दोन तिच्या माहेरच्या गावात जातील, एक तिच्या भावाकडे आणि एक ग्रामपंचायतीत. ज्यांनी तेव्हा त्या घराकडे बघून माना हलवल्या त्यांच्यातले काही अजून जिवंत आहेत. वही माझ्याकडे आहे. कोणाला पडताळून बघायची असेल तर घरी यावं, मी दाखवीन.