डमडमची जांभळी ज्वारी

बंगालात, डमडमच्या विमानतळाजवळच्या घरामागे गुरुदत्त खांबेटे यांची चार खाटा मावतील एवढी जमीन आहे. खिदिरपूरच्या गोदीतल्या कस्टम्सच्या नोकरीतून ते निवृत्त झाले, तेव्हा पत्नी सरलाबाईंना सोलापूरला परतायचं होतं, गुरुदत्तना नव्हतं. बरेच दिवस धुसफूस झाली. शेवटी ठरलं, इथं हुरड्यापुरती ज्वारी आली तर राहायचं.

पाऊस सरल्यावर त्यांनी जमीन खणली. मऊ काळ्या मातीत गांडुळं वळवळत होती. ती पिकाची मुळं खातील म्हणून, जन्मभराच्या तपासणीच्या सवयीनं, त्यांनी एकेक वेचून भिंतीपलीकडच्या तळ्याकाठी सोडलं. मग खत घातलं, पेरलं.

ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि थांबली. पानं जांभळी पडली. दुपारी विमानं खाली उतरताना त्यांची सावली त्या पानांवरून जाई. खुर्चीत पेंगताना गुरुदत्तना वाटे, जमिनीखाली कुणी भरलं ताट शेजारी ठेवून उपाशी झोपलं आहे.

मुलगी चैत्राली न्यू टाउनच्या ऑफिसात काम करते. तिनं पानांचे फोटो एका जाणकाराला दाखवले. रविवारी नवऱ्याबरोबर चहाला आली तेव्हा तिनं समजावलं. पानांना स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मिळत नाही. खतातलं स्फुरद मातीत आहे, पण मातीनं ते घट्ट धरलंय. गांडुळं माती गिळतात. त्यांच्या पोटातून पडलेल्या मातीत ते थोडं मोकळं होतं, मुळांना घेता येतं.

सरलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही माती खाल्लीत."

जावई सुमित बंगाली, मराठी हल्लीच शिकू लागलेला. त्यानं कप खाली ठेवला आणि काळजीनं विचारलं, "किती खाल्ली, बाबा?"

चैत्रालीनं हसू दाबलं. गुरुदत्त मात्र शांतपणे म्हणाले, "गांडुळांनी खायची, ती मी खाल्ली."

जानेवारी संपला तरी कणसं आली नाहीत. ठरल्याप्रमाणे गुरुदत्तनी माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली आणि पुसून ठेवली. त्या संध्याकाळी सरलाबाईंनी भावाला फोन करून सांगितलं, की सोलापूरच्या घरातल्या भाडेकरूला अजून वर्षभर राहू दे.

सकाळी धुकं होतं. गुरुदत्त मागच्या दारी आले तेव्हा सरलाबाई वाळक्या धाटांमध्ये बसून तळ्याकाठून आणलेलं ओलं गोणपाट उलगडत होत्या. ते पुढे झाले.

"इथं पाय देऊ नका," त्या म्हणाल्या. "जेवू दे त्यांना."