जांभळे हात दिसल्यास कळवावे

माझ्या धाकट्या दिरांना आमच्या वसाहतीत कुणी नावाने हाक मारत नसे. ते सगळ्यांचे ‘वेटोळे’. मागच्या आवारात विजेच्या गाड्या चार्ज करायचे आठ खांब आहेत, त्यांची देखभाल त्यांच्याकडे होती. चार्जिंग झालं की गाडीवाले केबल जमिनीवर टाकून निघून जात. भाऊजी ती उचलत, फडक्याने पुसत आणि खांबाच्या हुकावर तिचं वेटोळं घालत. पाच वेढे, सगळे उजवीकडून. कुठे सहावा वेढा दिसला की कुणीतरी हात लावलाय, हे त्यांना लांबूनच कळे.

वय बावन्न, लग्न झालेलं नाही. वायरमनचं काम करता करता गुडघा गेला आणि शिडी सुटली. तेव्हा आमच्या ह्यांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाने, शब्द टाकून त्यांना इथे चिकटवलं. हे कमिटीचे सेक्रेटरी आहेत. पगार बेताचाच, पण आवाराच्या कोपऱ्यात, आठ नंबरच्या खांबाला लागून, एक खोली मिळाली. खाट, खिडकी, शेगडी, दाराबाहेर नळ. जन्मभर दुसऱ्यांच्या घरात झोपलेला माणूस तो. पहिल्या दिवशी त्यांनी मला किल्ली दाखवली आणि म्हणाले, वहिनी, आता मला कुणी आत घेतलं नाही तर मीच मला आत घेईन. जेवायला मात्र आमच्याकडे येत, दुपारी एक ते दीड.

उन्हाळ्यात तीन केबली गेल्या. कापायला मिनिटभरही लागत नाही. आतलं तांबं सोलून भंगारात घातलं की कुठली केबल आणि कुणाची, काही ओळखू येत नाही. चेअरमन कारखान्यात मॅनेजर होते, फार गोड बोलतात. त्यांनी भाऊजींना खुर्चीवर बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं की चौथी केबल गेली तर तुम्ही आणि तुमची खाट, दोन्ही गेटबाहेर.

त्यानंतर त्या बाह्या आल्या. केबलवर चढवायची जाड रबरी बाही, तिच्या आत शाईच्या बारीक नळ्या. केबल कापायला गेलं की नळी फुटते आणि कापणाऱ्याचे हात जांभळे होतात. तीन आठवडे निघत नाहीत, असं विकणारा माणूस म्हणाला. आधी सहा आल्या, दोन मागाहून यायच्या होत्या. भाऊजींनी सहा खांबांवर सहा चढवल्या आणि स्वतःच्या हाताने पाटी रंगवून गेटला टांगली: ‘केबल कापणाऱ्याचे हात तीन आठवडे जांभळे राहतील. जांभळे हात दिसल्यास कळवावे.’ अक्षर सुरेख होतं त्यांचं.

मला लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच लिहिते. त्या पाटीने भाऊजी बदलले. रोज सकाळी ते गेटवर उभे राहत आणि कामाला येणाऱ्या प्रत्येकाचे हात बघत. आधी तळवे, मग पालथे. प्लंबर, दूधवाला, धुणंभांडीवाल्या. गाडीतून येणाऱ्यांचे नाही, पायी येणाऱ्यांचेच. गाड्या पुसायला एक बाई येते, चाळिशीची, तोंडाने तिखट. ती म्हणायची, वेटोळेसाहेब, भविष्य पण सांगा आता, हात धरलाच आहे तर. लोक हसत. भाऊजी हसत नसत.

एके दिवशी तिची बोटं जांभळी निघाली. सासूच्या तोंडात फोड आले होते, त्यावर लावायचं जांभळं औषध लागलं होतं. ती ओरडून सांगत होती, बाटली आणून दाखवते म्हणत होती. भाऊजींनी तिला तिथेच उभी केली आणि ऑफिसला कळवलं. दुपारी औषधाची खात्री पटली, पण तोवर दोन घरांनी तिला काढून टाकलं होतं. ती भाऊजींसमोर येऊन उभी राहिली. एक शब्द हवा होता तिला, बाकी काही नाही. भाऊजी म्हणाले, “उद्यापासून हात स्वच्छ धुऊन येत जा.”

मी त्यांना म्हटलं, चुकलात, जाऊन बोला तिच्याशी. ते म्हणाले, वहिनी, माझी खोली त्या पाटीवर उभी आहे.

पुढच्या मंगळवारी उरलेल्या दोन बाह्या आल्या. दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या मागच्या दारावर कोपराने टकटक झाली. भाऊजी होते. मनगटापर्यंत दोन्ही हात जांभळे. सात नंबरवर बाही चढवताना क्लँप आवळायला पकड लावली, ती घसरली आणि टोक नळीत घुसलं. आधी हसले. “वहिनी, माल अस्सल आहे.” मी साबण लावला, रॉकेल लावलं, लिंबू चोळलं, भांड्याची घासणी घेऊन कातडी लाल होईपर्यंत घासलं. पाणी जांभळं होऊन जात होतं आणि हात तसेच. मग त्यांचं हसू गेलं.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता ऑफिसात जा आणि झालं ते सांगा. ते म्हणाले, काय सांगू? तीस वर्षं वायरमन होतो, मला एक बाही चढवता आली नाही? ज्यांचे हात रोज बघतो, त्यांच्यासमोर हे हात घेऊन उभा राहू? मग स्वतःच ठरवलं. फुटलेली बाही कचऱ्यात टाकायची. उरलेली चांगली बाही सात नंबरवर चढवायची. आठ नंबर खोलीला लागून आहे, तिच्यावर स्वतः डोळा ठेवायचा आणि विकणाऱ्याकडून गुपचूप एक बाही मागवायची. तोवर रबरी हातमोजे.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, गप्प राहू दे, उतरेल रंग. आणि बुधवारी कमिटीच्या वहीत ह्यांनी सही केली की आठही बाह्या बसवल्या. आठ नंबर उघडी आहे हे माहीत असून केली. मी विचारलं तर म्हणाले, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

गुरुवारी दुपारी भाऊजी आमच्याकडे जेवत होते. हातमोजे काढून ताटाशेजारी ठेवले होते. दीड वाजता परत गेले, तर आठ नंबरची केबल नाही. हुकाजवळ वीतभर तुकडा लोंबत होता.

अर्ध्या तासात अख्खी वसाहत आवारात जमली. चेअरमननी वही मागवली. आठ बाह्या आल्या, आठ बसवल्या, खाली ह्यांची सही. म्हणजे ज्याने केबल कापली त्याचे हात रंगले असणार. सगळे एकमेकांचे हात बघायला लागले. तेवढ्यात ती गाड्या पुसणारी पुढे आली. तिने आपले हात आधी तळवे, मग पालथे, असे चेअरमनना दाखवले आणि भाऊजींकडे वळून म्हणाली, “आमचे रोज बघता. आज तुमचे दाखवा की.”

भाऊजींनी हातमोजे काढले.

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. काहीच झालं नाही. कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. भाऊजी सांगायला लागले की हे मंगळवारचं आहे, आठ नंबरवर बाही नव्हतीच, खाली फरशीवर बघा, शाईचा थेंब तरी आहे का. फरशी खरंच कोरडी होती. कुणी वाकून बघितलं नाही. फुटलेली बाही कुठे आहे, असं चेअरमननी विचारलं. कचऱ्याची गाडी बुधवारी येऊन गेली होती. मग त्या बाईला विचारलं, हे हातमोजे कधीपासून घालतात? ती मंगळवारपासून रोज बघत होती. ती म्हणाली, “आमचं लक्ष गाड्यांवर असतं, साहेब.”

तेव्हा भाऊजी म्हणाले, वहिनींना विचारा. हात त्यांनीच धुतलेत. आज दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात जेवत होतो.

हे माझ्या शेजारी उभे होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “तिला कशाला मध्ये ओढता? ती दुपारी देवापुढे बसलेली असते.”

चेअरमन गोड आवाजात म्हणाले, “तरी विचारतो. ताई, तुम्ही देवाचं करणाऱ्या. तुम्ही सांगाल ते आम्ही मानू.”

मी खरं बोलले असते तर ह्यांची सही खोटी ठरली असती. ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतका ह्यांना विश्वास होता. भाऊजी मात्र बघत होते. घाबरलेले नव्हते. आता सुटलो, असा चेहरा होता त्यांचा.

मी म्हटलं, “मी आत होते. मला काही दिसलं नाही.”

भाऊजींनी मान हलवली, जणू मी बरोबरच बोलले. 

चेअरमन म्हणाले, पोलिसांत द्यायचं नाही, आपल्याच सेक्रेटरींचा भाऊ आहे. खोली पाचपर्यंत रिकामी करा म्हणजे झालं. तोवर मात्र त्यांना गेटवर, त्यांच्याच पाटीखाली उभं केलं, हात पुढे करून. गाडीने येणाऱ्या-जाणाऱ्यांनी गाड्या हळू केल्या, काचा खाली घेतल्या, फोटो काढले. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी नातवंडांना घेऊन बघायला गेल्या. ती बाई एकदा समोरून गेली, पण काही बोलली नाही. पाणी कुणी दिलं नाही. मीही नाही. मी देवापुढे बसले होते, पण हात जोडवत नव्हते.

पाचला त्यांनी खाट बाहेर काढली. टेम्पो यायला वेळ होता, तर सातही खांबांपाशी जाऊन जमिनीवरच्या केबली उचलल्या, पुसल्या आणि पाच पाच वेढे घातले. किल्ली ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती मोजून घेतल्यासारखी तळहातावर उलटीपालटी केली आणि खिशात टाकली.

तीन आठवड्यांनी पलीकडच्या वसाहतीत दोघं जण भर दुपारी केबल कापताना पकडले गेले. आमची आठ नंबरही त्यांनीच नेली होती, असं कबूल केलं. ह्यांनी जेवताना सांगितलं आणि भाजी आणखी वाढायला सांगितली. मी विचारलं, भाऊजींना कळवायचं? हे म्हणाले, त्या खोलीत आता नवा माणूस आहे, कळवून त्यांना द्यायचं काय? आणि वहीतली सही कुणी उकरून काढायला नको.

पाटी अजून गेटवर आहे. नवा माणूस केबली तशाच हुकावर फेकतो.

चार ओळींची माझी ही रोजनिशी आज इतकी लांबली, कारण आज बाजारात भाऊजी भेटले. कुठल्याशा गोदामात झोपतात, तिथलंच सामान चढवतात-उतरवतात. वाळलेत खूप. मी म्हटलं, भाऊजी, चोर सापडले. ते म्हणाले, ऐकलं. मग काही न विचारता त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. आधी तळवे, मग पालथे. रंग गेला होता, फक्त नखांच्या कडेला जरासा राहिला होता.

मी बघून होईपर्यंत त्यांनी हात खाली घेतले नाहीत.