मान उचलेपर्यंत

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सत्तरच्या दशकात वाशीमकडच्या एका दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो, तो शिपाई. श्वास देणारं यंत्र तिथं नव्हतंच. मण्यार चावून श्वास बंद पडलेल्या माणसाच्या घशात मी नळी घालायचो आणि तो स्टुलावर बसून, स्वतःच्या श्वासाच्या लयीत, नळीला जोडलेला रबरी फुगा दाबत राहायचा. नळी कधी काढायची याची त्याची एकच खूण होती. रोग्याची उशी काढून तो म्हणायचा, “मान उचल.” उचलून धरली, तरच फुगा खाली ठेवायचा.

आसेगावच्या एका बाईची छाती दोन दिवसांनी आपसूक हलू लागली. मी नळी काढायला पुढे झालो.

“थांबा सायेब, मान उचलू द्या तिले. छाती फसवते, मान नाई फसवत.”

“डॉक्टर कोण आहे इथं?” मी म्हणालो आणि नळी काढली.

तासाभरात तिचा श्वास थांबला. पुन्हा नळी घालेपर्यंत ती गेली होती.

महिन्याभरानं मण्यारीचा दुसरा रोगी आला. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, “आता काढू का नळी?”

फुगा दाबता दाबता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “तुमी म्हनसान तसं, सायेब.”