कनातीपलीकडचं हसू

मला बघायला आलेल्या मुलाचा आवाज कसा आहे, हेच मला कळलं नव्हतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पेडगावचा हा तरुण मास्तर घरच्यांबरोबर आमच्या बोरीच्या घरी तासभर बसला आणि तेवढ्यात त्यानं एकच पराक्रम केला. बशीतला चहा माझ्या वडिलांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर सांडला. मग जी मान खाली घातली, ती उठेपर्यंत वर केली नाही.

"पाव्हणे सकाळच्या एसटीनं निघायलेत," वडील मला म्हणाले. "तुला पसंत हाय का न्हाई, त्याच्या आत सांग. आमी जबरदस्ती करणार न्हाई."

न बोलणाऱ्या माणसाबद्दल सांगणार काय? मला एवढंच हवं होतं, की तो हसतो का. घुम्या माणसाबरोबर जन्म काढायची माझी मुळीच तयारी नव्हती.

त्या संध्याकाळी गावात आलेल्या टुरिंग टॉकीजला दोन्ही घरची माणसं मिळून गेलो. तंबूत मधोमध कनात, अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. सिनेमात एक तरुण उसना कोट घालून मुलीला पहिल्यांदाच हॉटेलात भेटतो. कोट उसवतो, कॉफी तिच्या साडीवर सांडते, शेवटी खुर्चीसकट स्वतःच आडवा होतो. लोक हसून हसून लोटपोट. माझे डोळे पडद्यावर आणि कान कनातीला. इतक्यात पाहुणे बसले होते तिथूनच एक वेगळं हसू आलं, सगळे थांबल्यावर उशिरा सुटलेलं, गडगडाटी, शेवटी ठसका लागणारं. ते मला इतकं आवडलं, की सकाळी न लाजता हो म्हणून मोकळी झाले.

लग्नानंतर पहिल्याच सकाळी ओसरीवरून तेच हसू आलं. पदर सावरत धावले, तर ठसका लागेपर्यंत हसत होते ते माझे सासरे!

मी ह्यांना गाठलंच. "सिनेमात तुमी हसलेच न्हाईत व्हय?"

"कसा हसू? त्याची कॉफी सांडली अन् मला तुज्या वडलांचं धोतर दिसायलं. वाटलं, ही पोरगी आता न्हाईच म्हणती. लय भ्यालो होतो."

मला असं हसू फुटलं, की मलाच ठसका लागला. तेव्हा कुठे हे हसले. आवाज अजिबात नाही, नुसते खांदे हलत होते. कनातीपलीकडून ते कधीच ऐकू आलं नसतं.