आम्ही दोघंच भावंडं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — मलाही नीट कळत नाही. घरात आता बोलायला कुणी नाही, म्हणून असेल.

आम्ही सात भावंडं, पेणजवळच्या गडब गावची. शेत थोडं, खाणारी तोंडं पुष्कळ. पुढे शिकवायचं तर एकालाच, एवढंच घराला झेपणारं होतं — आणि ती मी ठरले. ताई माझ्याहून हुशार होती. पण थोरली. तिला सातवीतून काढून पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला लावलं. तिच्या मजुरीवर मी कॉलेजात गेले. सकाळी एकाच एसटीनं जायचो. पेणला उतरलं की ती एकीकडे, मी दुसरीकडे.

मग रोह्याचं स्थळ आलं. शिकलेलं घर, एकुलता मुलगा. त्याच्या आईनं विचारलं, "भावंडं किती?" सात म्हटलं की लोक माझ्या आईकडे कसे बघतात, ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. मी म्हणाले, "दोघंच. मी आणि धाकटा भाऊ." बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी पोह्यांची बशी पुढे सरकवली. लग्नाला आईबाबा आणि धाकटा, एवढेच आले. बाकीच्यांना बाबांनी काय सांगितलं असेल?

एवढंच असतं तर कधीतरी बोललेही असते. पण —

आम्ही रोह्याजवळच वरसेला राहायला गेलो, त्यानंतरची गोष्ट. एका दुपारी ताई दारात उभी. न कळवता, हातात पिशवी. सासूबाईंनी विचारलं, "कोण गं ही?"

मी म्हणाले, "आमच्या गावची आहे. काम शोधत आली असेल."

ताईनं माझ्याकडे पाहिलं — फार वेळ नाही. मग सासूबाईंना म्हणाली, "व्हय. धुण्याभांड्याचं काय हाय का, इचाराया आले."

सासूबाईंनी मोरीतली भांडी दाखवली. तिनं ती घासली. मी तिथंच उभी होते. थांबवता आलं नसतं का? फाटकाशी ती हळूच म्हणाली, "घाबरू नको गो. नाय यायची मी परत."

तिची मुलगी दहावी पास झाली होती. ताईच्या सासरच्या गावाला एसटी जात नव्हती. पोरीला माझ्याकडे ठेवून रोह्याला कॉलेजात घालता येईल का, हे विचारायला ती आली होती. पिशवीत पेढे होते. आईनं मला हे सांगितलं तेव्हा प्रवेश अजून चालू होते. आमच्याकडे एकच मुलगी, एक खोली रिकामी. "पाठव तिला" — एवढा निरोप पुरला असता. मी नाही दिला. वर्षभरात त्या पोरीचं लग्न लावून दिलं. आज तिला चार मुलं आहेत.

आणि मी? शाळेतून निवृत्त होईपर्यंत लहान कुटुंबाचा धडा शिकवत राहिले. घर लहान असलं की सगळ्यांना शिकता येतं, असं मुलांना सांगत राहिले.

सासूबाई गेल्या, हे गेले, मुलगी परदेशात. ज्यांच्यापासून लपवायचं तेच उरले नाहीत, तरी मी ताईकडे गेले नाही. आईच्या बाराव्याला गडबला गेले, तेवढंच. ताई बायकांत बसली होती, उठली नाही. तिची मुलगी चहा घेऊन माझ्यापुढे आली.

"बाई, साखर चालंल ना?"

मावशी नाही — बाई.

मी चालेल म्हणाले आणि कप घेतला.