हुबळीच्या हवेतले लाकूड

दोन सूत जाडीची, दोन्ही अंगांनी रंधा मारलेली, सरळ सागवानी पट्टी वखारीत मिळत नाही, हे मला चाळीस टी-स्क्वेअर करून देण्याचा शब्द दिल्यावर कळले. दोन सूत म्हणजे पाव इंच.

युद्धाची वर्षे होती. मी हुबळीतल्या एका शाळेत सुतारकाम शिकवीत असे. चित्रकलेच्या परीक्षेत भूमितीच्या आकृत्या काढाव्या लागत, आणि त्यासाठी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे, लाकडी डोके ड्रॉइंगच्या फळीच्या कडेला टेकवून आडव्या रेघा मारण्याचे हे साधन प्रत्येकापाशी असणे आवश्यक होते. पूर्वी ती मुंबईहून येत. त्या वर्षी दुकानदाराने हात वर केले. हेडमास्तर म्हणाले, "यंदा मुले बसवता येणार नाहीत." मी म्हणालो, "मी करून देतो." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिले आणि चाळीस जणांचे अर्ज पाठवले.

टी-स्क्वेअरच्या डोक्यासाठी जाड लाकूड कुठेही मिळते. प्रश्न पात्याचा, म्हणजे रेघ मारायच्या लांब पट्टीचा होता. वखारीत मोठी करवत ओढणारे दोघे भाऊ होते. त्यांतला थोरला माझे माप ऐकून हसू लागला.

"दोन सूत? मास्तर, एवढा पातळ आमच्या घरी दोसासुद्धा होत नाही. करवतच दोन सूत खाती. तुमास्नी फळी पायजे का भुसा?"

म्हणून मी हुबळीजवळच्या, घाटाकडच्या कलघटगीला गेलो. तिथे रंगीत पाळणे करणारा एक वृद्ध कारागीर होता. पाळण्याच्या बाजूंना लागणाऱ्या पातळ फळ्या तो स्वतः चिरून, रंधा मारून, वळचणीखाली दोन दोन वर्षे रचून ठेवी.

"बर्री मास्तर, कुंद्री," असे कानडीत म्हणून त्याने मला बसवले. हव्या त्या फळ्या काढून दिल्या. निघताना विचारले, "हे कुठं राहणार?"

"हुबळीला."

"मग एक वर्ष तिथं ठेवा. नंतर हत्यार लावा."

मी हो म्हटले आणि दुसऱ्याच दिवशी हत्यार लावले. दोन वर्षे वाळलेले सागवान आणखी काय वाळणार, असा माझा हिशेब होता. माझ्यापाशी सुतारकामाचे प्रमाणपत्र होते; त्याच्यापाशी नव्हते.

महिन्याभरात चाळीस टी-स्क्वेअर तयार झाले. वर्गात खिळ्यांना ओळीने टांगले. ते पाहायला शाळेतले इतर मास्तर येऊन गेले. मी त्यांना येऊ दिले.

होळीच्या सुमारास पूर्वेचा कोरडा वारा सुटला. आठ दिवसांत एकूण एक पाते वाकले. एक मी घरी नेऊन ओसरीवर ठेवले. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणत असू, ते उचलून न्याहाळू लागली.

"दोरी बांध की रे. धनुष्य छान होईल."

"अक्का, परीक्षा आहे."

"मुलांची की तुझी?"

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी एक टी-स्क्वेअर टेबलावर आडवा ठेवला आणि एका टोकाला बोट लावले. तो पाळण्यासारखा डुलला. "सहा आठवडे आहेत," ते म्हणाले. "अर्ज मागे घेऊ?"

"नको."

मी पुन्हा कलघटगीला गेलो. तक्रार करायला नव्हे. तेवढी समज होती. वृद्धाने वाकलेले पाते हातात घेतले, गालाला लावले, आणि मग रचलेल्यांतली एक फळी माझ्या गालाला लावली. ती गार लागली.

"पाणी हाय अजून. इथं ती वाळलीच म्हणायची. आमची हवा मलनाडाची, डोंगरातल्या पावसाची, ओली. तुमची कोरडी. हुबळीला जायचा पाळणा असला तर मी फळी खाचेत ढिली सोडतो, हलायला जागा ठेवतो. तुमच्या पट्टीला कुठली जागा?" पाते परत देत म्हणाला, "तुमच्याच उन्हात जुनं झालेलं लाकूड बघा."

तुमच्याच उन्हात. परतताना हे दोनच शब्द माझ्या डोक्यात होते.

त्यानंतर पंधरा दिवस मी हुबळीतली जुनी लाकडे गालाला लावत हिंडलो. दारांच्या फळ्या जाड निघाल्या, खोक्यांच्या फळ्या गाठींच्या. अखेर मोडीत काढलेल्या मालाच्या एका व्यापाऱ्याच्या अंगणात आगगाडीच्या मोडलेल्या डब्यांच्या खिडक्यांची झडपे रचलेली दिसली. आडव्या, तिरप्या बसवलेल्या सागवानी पट्ट्या. लांबी दोन फुटांहून थोडी अधिक, जाडी अडीच सूत. कित्येक वर्षे त्यांनी याच मुलखाचे ऊन खाल्ले होते. एक पट्टी ओढून काढली, रंग खरवडला, गालाला लावली.

"मास्तर, मुका घेता काय लाकडाचा?" व्यापारी ओरडला. "खानावळवाला चुलीत घालतो ते!"

"आता घालणार नाही," मी म्हणालो, आणि सगळी झडपे गाडीवर चढवली.

या वेळी मी घाई केली नाही. प्रत्येक पट्टीचा रंग काढून, हलका रंधा मारून ती आठ दिवस भर वाऱ्यात टांगली. जी जराही वाकली ती बाद केली. मग कड तासली. कडेने रेघ मारायची, पाते उलटे करायचे, त्याच दोन बिंदूंमधून पुन्हा रेघ मारायची. दोन रेघा दिसल्या तर पुन्हा रंधा. एकच दिसली तरच डोके जोडायचे. परीक्षेच्या दोन दिवस आधी चाळिसावे डोके जोडले.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी एक टी-स्क्वेअर उचलून डोळ्यासमोर धरला, एक डोळा मिटून कडेवरून नजर फिरवली आणि हेडमास्तरांना विचारले, "युद्धाआधीचा साठा दिसतो. कुठून मागवला होता?"

"इथलाच आहे," हेडमास्तर म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिले. या वेळी चष्म्यातून.

सुट्टी लागताच एक टी-स्क्वेअर घेऊन मी कलघटगीला गेलो. वृद्धाने तो गालाला लावला आणि मान हलवली. मग समोरच्या अर्ध्या झालेल्या पाळण्याच्या फळीवर त्याची कड ठेवून खाली वाकून पाहिले. फळी मध्यभागी केसाएवढी खोल होती, तिथे फट राहिली. उजेड पलीकडून येत होता, मलाही दिसला.

टी-स्क्वेअर त्याने परत दिला नाही. आपल्या हत्यारांच्या शेजारी भिंतीला टांगला, आणि त्या फळीसाठी रंधा उचलला.